गोडाखालचं आंबट

डेंग्यूचा ताप उतरून पाच दिवस झाले होते, तरी आईचं ताट जसंच्या तसं परत येत होतं. मुगाची मऊ खिचडी, वर साजूक तूप, कडेला भाजलेला पापड. तिने एक घास घेतला, तोंडातल्या तोंडात घोळवला आणि ताट बाजूला सारलं. "मले नको बाप्पा. तोंडाले चवच नाही."

लग्न होऊन पुण्यात आल्याला तिला सत्तेचाळीस वर्षं झाली. एरवी ती आमच्यासारखंच बोलते. तापात मात्र तिची भाषा थेट वरुडला, तिच्या माहेरी, जाऊन पोहोचली आणि ताप उतरला तरी परतायचं नाव घेईना. मी उशाशी बसून ते वऱ्हाडी बोलणं ऐकायची तेव्हा वाटायचं, ही माझ्या आजोळच्या ओसरीवर बसली आहे आणि तिथूनच मला सांगते आहे की जेवायचं नाही.

दिवाळी नुकतीच झालेली. फराळाचे डबे भरलेले, कुणी हात लावत नव्हतं. भाताची पेज, मेतकूट-भात, रव्याची खीर, ताकातली उकड, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर जाऊ द्या, भूक हळूहळू येईल. ती हळूहळू कधी येणार तेवढं कळत नव्हतं. आईच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. हात उचलला की त्या खळकन वर जायच्या आणि तो आवाज ऐकला की माझ्या पोटात कालवायचं.

एवढ्या दिवसांत तिने मनापासून खाल्लेली गोष्ट एकच, बरणीच्या तळाशी राहिलेलं जुनं लिंबाचं लोणचं. मुरून काळं झालेली एक फोड तिने बोटाने उचलली आणि चाटत बसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं ते दोन दिवसांनी, संत्र्यामुळे. शेजारच्या काकू पिशवीभर संत्री देऊन गेल्या. मी आईच्या खोलीत बसून एक सोलायला घेतलं. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, देठापाशी अंगठा घातला की ती भसकन निघते, आणि निघताना तिच्यातलं तेल बारीक तुषारांनी उडतं. लहानपणी आम्ही भावंडं ती साल मुडपून एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो. ते तुषार उडाले आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली आई वळली. "आंबिया बार दिसते," ती म्हणाली, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला येणारं संत्रं. डोळे मिटलेलेच होते.

मी एक पाकळी सोलून, बिया काढून तिच्या हातात दिली. तिने खाल्ली. दुसरी दिली ती तिने परत माझ्या हातावर ठेवली. "नुसतं गोड आहे. मचूळ लागते."

मी स्वयंपाकघरात गेले, त्याच संत्र्याच्या उरलेल्या पाकळ्या सोलल्या, वर अर्ध्या लिंबाचा रस पिळला, चिमटीभर सैंधव टाकलं आणि वाटी तिच्यासमोर धरली. तिने ती वाटी संपवली. मग वाटी वाकडी करून तळाचा रस प्यायली. त्या दिवसानंतर आमच्याकडे रोज संध्याकाळी पाच वाजता फळं कापली जाऊ लागली, ती आजतागायत.

आपल्याकडे फ्रूट सॅलड म्हटलं की डोळ्यांपुढे पिवळं कस्टर्ड येतं. माझ्याही येतं. मे महिन्यात मावशीकडे जमलेली दहा-बारा मुलं, दुपारी आटवलेलं दूध, त्यात कालवलेली कस्टर्ड पावडर, गाठी होऊ नयेत म्हणून ढवळत बसलेली मावसबहीण, आणि मग थंड झाल्यावर त्यात पडणारी केळी, चिकू, सफरचंद, द्राक्षं. सोबत पुऱ्या. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पुरी आणि फ्रूट सॅलड हा बेत किती वर्षं होता! ते मला आवडायचं, अजूनही समोर आलं तर मी वाटी पुढे करते. पण त्यात फळ दुधाच्या आधाराने राहतं. चिकू आणि पेअर डोळे मिटून खाल्लं तर ओळखू येत नाहीत. आणि आंबट फळाला तिथे जागाच नसते. संत्रं घातलं तर दूध बिघडेल म्हणून संत्रं बाहेर. दूध आणि आंबट फळं एकत्र घेऊ नयेत हे तर चरकसंहितेतच सांगितलं आहे, आजी तेच तिच्या शब्दांत सांगायची. म्हणजे ज्या घरात परसदारी संत्र्याची बाग होती, त्या घरातल्या फ्रूट सॅलडमध्ये संत्रं कधीच पडलं नाही. हे आज लिहिताना माझ्या लक्षात येतं आहे.

आईसाठी मी जे करायला लागले त्याला नाव नव्हतं. मुलगी म्हणाली, "हे सिट्रस ड्रेसिंगवालं सॅलड आहे." आई त्याला "लिंबू पिळलेली फळं" म्हणते. मला आईचं नाव पुरतं, पण त्यात लिंबाचं आणि फळांचं नेमकं काय चालतं हे समजायला मला महिना लागला.

पहिले काही दिवस मी नुसतं लिंबू पिळायची. ते जास्त झालं की फळ मागे पडायचं आणि दात आंबायचे. मग संत्र्याचा रस घेतला, तो नुसता गोड. मग दोन्ही. चार वाट्या फोडींना पोह्याच्या चमच्याने चार चमचे ताजा संत्र्याचा रस, एक चमचा कागदी लिंबाचा रस, अर्धा चमचा मध, चिमूटभर सैंधव. मध आधी लिंबाच्या रसात विरघळवायचा, एकदम फळांवर घातला तर तो एका पेरूच्या फोडीला चिकटून बसतो. आणि सर्वांत शेवटी संत्र्याच्या सालीचा कीस, अगदी वरच्या केशरी पापुद्र्याचा. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आला. किसणीचे बारीक दात असतात त्या बाजूने साल दोनदा ओढली की पुरे. खोलीत आईने ज्याच्यामुळे कूस बदलली, तो वास रसात नसतो, या पापुद्र्यातल्या तेलात असतो.

हे मिश्रण फळांवर इतकंच घालायचं की फोडी ओल्या दिसाव्यात. तळाशी तळं साचेल इतकं नको. थोड्या वेळाने मिठामुळे फळांना आपोआप पाणी सुटतं आणि तळाशी जो रस जमतो तो सगळ्या फळांचा मिळून असतो. त्यासाठीच मीठ वाढायच्या आधी पाच-दहा मिनिटं घालते, फार आधी नाही. साखर तर अजिबातच नाही. एकदा पाहुणे यायचे म्हणून मी सकाळीच फळांवर साखर भुरभुरून ठेवली. संध्याकाळी पपई आणि स्ट्रॉबेरी गळून गेली होती, पेरू चामट झाला होता आणि भांड्यात पाकासारखं पाणी. पाहुण्यांनी कौतुक केलं, आईने एक चमचा घेऊन ठेवून दिलं.

मोसंबीने शिकवलेली गोष्ट वेगळी. दवाखान्यात कुणालाही भेटायला जाताना आपण मोसंबी नेतो, ती आमच्याकडेही आली होती, ढिगाने. म्हटलं संत्र्याऐवजी मोसंबीचा रस घेऊ, तो आईला हलका पडेल. दुपारी दोन वाजता रस काढून फ्रीजमध्ये ठेवला आणि पाच वाजता फळांवर घातला. आईने तोंड कसनुसं केलं. मी चाखला तर कडू! रसवंतीवाला मोसंबी पिळून लगेच हातात का देतो आणि "आत्ताच प्या" का म्हणतो, ते मला तेव्हा उमगलं. लिंबूवर्गातल्या फळांत एक घटक असतो, तो फळात असताना कडू नसतो, पण रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. मोसंबीत हा प्रकार चांगलाच जाणवतो. तेव्हापासून रस कुठलाही असो, तो फळं कापून झाल्यावरच निघतो. लिंबू पिळणी हाताशी धुऊन ठेवलेली असते, आणि कापायचं काम आधी.

कापायचा क्रमही ठरून गेला आहे. सफरचंद आणि पेरू पहिल्यांदा, कारण सफरचंद कापल्या कापल्या काळं पडायला लागतं. सुरीने पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) हवेशी गाठ पडल्यावर कामाला लागतं, आणि लिंबाच्या आंबटाने ते थंडावतं. म्हणून अर्धं लिंबू तेवढं आधीच हाताशी असतं आणि सफरचंदाच्या फोडी कापताच त्यावर फिरवायच्या. पेरू पुण्यात सरदार जातीचा छान मिळतो, आत पांढरा, बिया मऊ. ही जात इथलीच म्हणायला हरकत नाही. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली ती निवडली, अलाहाबादी पेरूच्या रोपांमधून. मी मंडईतून पेरू घेऊन विद्यापीठाच्या बाजूने घरी जाते तेव्हा ही गोष्ट मला दर वेळी आठवते. पेरूच्या बियांचा गर आईला चावत नाही, म्हणून मी तो चमच्याने कोरून काढते आणि वरचा करकरीत भाग घेते. कोरलेला गर माझा.

मग पपई. खरं तर या सगळ्या प्रकारात लिंबाची सर्वांत जास्त गरज कुणाला असेल तर पपईला. तिचा एक जड, झोपाळू वास असतो, पुष्कळांना तो सोसत नाही. लिंबाचे चार थेंब पडले की तो वास खाली बसतो आणि तिच्यातला गोडवा वर येतो. पपई न खाणारी माझी मुलगी या वाटीत पपई खाते. मग डाळिंबाचे दाणे, द्राक्षं आली असतील तर अर्धी चिरून, म्हणजे रस आत शिरतो. आख्ख्या द्राक्षावरून तो नुसता ओघळून जातो. महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी डिसेंबरनंतर, आणि ती वाढताना वरून. आधी घातली तर सगळं लालसर होतं. केळं घालायचंच असेल तर अगदी शेवटी.

चिकू आणि सीताफळ मी घालत नाही. त्यांचं आणि लिंबाचं जमत नाही, त्यांचा गोडवा खडीसाखरेसारखा आपल्यातच राहणारा, त्यांना एकटंच खावं. चाट मसालाही नको. तो आला की सगळी फळं एकाच चवीची होतात. माझ्या भावाला हे पटत नाही, तो वरून मसाला घेतो, घेऊ दे. फोडी मात्र लहान हव्यात याबद्दल मी हट्टी आहे. एका घासात दोन फळं यायला हवीत, नाही तर ती फळं एकत्र करून उपयोग काय? आणि फ्रीजमधून काढून लगेच खायचं नाही. थंडगार फळाचा गोडवा जिभेला कमी कळतो. आईला तर तेव्हा आधीच काही कळत नव्हतं, म्हणून मी वाटी पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवायची.

संत्र्याच्या पाकळ्या सगळ्यांत वेळखाऊ. पाकळीची कड सुरीने कापायची, पापुद्रा दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखा उघडायचा, बिया काढायच्या आणि आतला गर अख्खा राहील असा सोडवायचा. एका संत्र्यात दहा-अकरा पाकळ्या. पहिल्या दिवशी मला चार संत्र्यांना अर्धा तास लागला आणि निम्मा गर फुटला. आईने पडल्या पडल्या पाहिलं आणि म्हणाली, "सुरी कायले? नखानं काढ." मी म्हटलं, नखाने फाटतं. ती उठून बसली. आठवड्यानंतर पहिल्यांदा आपणहून उठून बसली. उशीला टेकली, एक संत्रं मांडीवर घेतलं, पाकळीच्या सरळ कडेला अंगठ्याचं नख लावलं आणि एका ओढीत पापुद्रा सोलून काढला. दुसरी पाकळी, तिसरी. हात थरथरत होते, पण पाकळ्या फुटत नव्हत्या. तिचं लहानपण या कामात गेलेलं. बागेतला खराब, डागाळलेला, तुटका माल विकायला जात नसे, तो घरात यायचा आणि पोरी ओसरीवर बसून टोपलीच्या टोपली सोलायच्या.

मग ती बागेबद्दल बोलायला लागली.

नागपूरला संत्रं दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादकडून आणलं आणि आपल्या बागेत लावलं असं सांगतात, अठराव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. तिथून ते काटोल, नरखेड, मोर्शी, वरुडकडे पसरलं. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नाव नागपूरचं, पण वरुडचा माणूस हे ऐकून नुसतं हसतो, कारण त्याच्या मते संत्रं म्हणजे वरुड. माझ्या आजोबांची साडेतीनशे झाडं होती, तीन एकराच्या थोडी वर. एकराला एकशेदहा झाडं बसतात, हा हिशोब आईला अजून तोंडपाठ आहे. डिसेंबरात पाणी तोडायचं. जमिनीला भेगा पडेपर्यंत, पानं मलूल होईपर्यंत झाड उपाशी ठेवायचं. त्याला ताण देणं म्हणतात. आणि मग संक्रांतीच्या आगेमागे पाणी सोडलं की झाड बिथरल्यासारखं फुलतं. तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या सुमाराला सुरू होतात. दुसरा मृग बहार, त्याचा ताण उन्हाळ्यात, फूल पावसाबरोबर, फळ फेब्रुवारी-मार्चात. "फुलोरा आला की रात्री घराची खिडकी लावायची नाही," आई म्हणाली. हे वाक्य ती पुण्याच्या भाषेत बोलली आणि माझे हात थांबले. भाषा परत येत होती.

त्या दिवसांत तिने मला जंबेरीबद्दल सांगितलं. मी संत्र्याच्या घरातली नात, पण मला हे माहीत नव्हतं. संत्र्याचं झाड संत्र्याच्या मुळावर उभं नसतं. आधी जंबेरीचं बी पेरतात. जंबेरी म्हणजे खरबरीत सालीचं, मोठं, ओबडधोबड लिंबू, आंबट असं की डोळे मिटतात. तिचं रोप वर्ष-सव्वा वर्षाचं, पेन्सिलीइतकं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याच्या सालीत चीर पाडून संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. वरुडजवळचं शेंदुरजना घाट या कलमांसाठी नावाजलेलं आहे, आजोबांनी त्यांची सगळी कलमं तिथूनच बैलगाडीने आणली होती. वर संत्रं, खाली आयुष्यभर जंबेरी. आणि ती खालची अधूनमधून डोकं वर काढते. कलमाच्या जोडाखालून फुटवे येतात, काटेरी, हिरवेगार, मूळ झाडापेक्षा जोमदार. ते वेळीच काढले नाहीत तर वरचं संत्रं सुकतं. आजोबांच्या कंबरेला एक लहान चाकू असायचा, बागेतून फिरता फिरता ते वाकून ते फुटवे कापत जायचे. आईला त्यांची आठवण येते ती तशीच येते म्हणाली, पाठमोरे आणि वाकलेले.

मी त्या वेळी फळांची वाटी कालवत होते. चार चमचे संत्रं, एक चमचा लिंबू. हे प्रमाण मला महिनाभराच्या चुकांमधून सापडलं होतं, आणि तिकडे माझ्या आजोळच्या जमिनीत गोडाखाली आंबट कधीपासून लावून ठेवलेलं होतं. मी आईला हे बोलून दाखवलं नाही. तिला ते बोलण्यासारखं वाटलंही नसतं, तिच्यासाठी ती नुसती शेती आहे.

बाग आता नाही. विहिरी आटल्या, मग बोअर आल्या, त्या खोल खोल जात राहिल्या, सगळ्या वरुड-मोर्शी भागातच पाणी खाली गेलं. आजोबा गेल्यानंतर दोन उन्हाळे असे आले की टँकरने पाणी घालूनसुद्धा झाडं जगली नाहीत. उभी वाळली. संत्र्याचं झाड वाळताना पानं आधी आत वळतात, मग गळतात, आणि बारकी फळं मात्र फांद्यांवर चिकटून काळी होतात. मामाने ती तोडून जळणाला दिली. आई तेव्हा गेली नाही. तिने विचारलंही नाही किती पैसे आले. त्यानंतर आमच्याकडे बाजारातून संत्री यायची आणि ती एखादी पाकळी खाऊन बाजूला व्हायची. मला वाटायचं तिला आवडत नाहीत.

डिसेंबर संपेपर्यंत आई हिंडू-फिरू लागली. बांगड्या मनगटावर परत आल्या. आता ती सकाळी भाकरी खाते, दुपारी भाजीला नावं ठेवते, पण पाच वाजता वाटी लागतेच. कापायचं काम तिने अर्धं स्वतःकडे घेतलं आहे. संत्रं तिचं, बाकी माझं. मी मंडईत जाते. आमची महात्मा फुले मंडई १८८६ सालची आहे, तिच्या त्या उंच दगडी मनोऱ्याखाली उभं राहून संत्र्यावर नाक टेकवून वास घेणं मी आईकडून शिकले. देठाजवळ वास येतो का बघायचा, हातात जड लागतं का बघायचं. फुगलेलं, सालीत हवा भरलेलं संत्रं घ्यायचं नाही, ते दिसायला मोठं आणि आत कोरडं. फार केशरी रंगाला भुलायचं नाही, आंबिया बहाराचं संत्रं थोडं हिरवट असूनही रसाळ निघतं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मामेभाऊ आला. त्याने स्वतःची नवी बाग लावली आहे, ठिबकवर, दुसऱ्या शिवारात. ताण तोडून पाणी सोडायचं होतं, त्याआधी दोन दिवस मोकळे मिळाले म्हणून आत्याला बघायला आला. पिशवीतून तिळगूळ काढला, ज्वारीचा हुरडा काढला आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच-सहा फळं काढून आईच्या पुढ्यात ठेवली. पिवळी, मुठीपेक्षा मोठी, अंगभर गाठी आणि सुरकुत्या.

"वळखलं का आत्या?"

आईने एक उचललं. नखाने सालीला जरासा ओरखडा काढला आणि नाकाशी नेलं. "जंबेरी. कुठली?"

"आपली. जुन्या बागेतली. बांधाजवळचं एक खोड राहून गेलं होतं, त्याले फुटवा आला. कोणी काढला नाही. आता हे एवढं झाड झालं." त्याने डोक्यावर हात नेऊन दाखवलं. "काटे असे आहेत का जवळ जाता येत नाही. पण लदलदून लागलं आहे."

आई बराच वेळ काही बोलली नाही. ते फळ तिच्या तळहातावर होतं आणि ती अंगठा त्याच्या गाठींवरून फिरवत होती, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं. मग तिने मला हाक मारली. "सुरी आण. आणि फळं कापली का?"

फळं कापून झाली होती. पेरू, पपई, डाळिंब, पहिली हिरवी द्राक्षं, आणि तिने सकाळीच सोलून ठेवलेली संत्र्याची पाकळी अन् पाकळी. मी कागदी लिंबू घेणार तोच तिने हात आडवा केला. जंबेरी मधोमध चिरली. आत फिकट पिवळा गर आणि बियाच बिया. वास लिंबाचा, पण त्याच्या पाठीमागे आणखी काही, हिरवं, थोडंसं रानटी. तिने मुठीत धरून पिळली, बोटांच्या फटींतून रस वाटीत आणि बिया तळहातात. एक चमचा घातला, चाखलं, अर्धा आणखी घातला. मध तिने मला घालू दिला नाही. मीठ तिनेच घातलं.

मामेभावाने घास घेतला आणि डोळे घट्ट मिटले. "आत्या, लय आंबट झालं."

"खा तू," आई म्हणाली, आणि आपली वाटी संपवायला लागली. दोघं वऱ्हाडीत बोलत होती. बांध कुठला, कडुनिंबाच्या अलीकडचा की पलीकडचा, विहिरीवरचा दगड अजून आहे का, त्या खोडाखाली आता कोण बकऱ्या बांधतं. मी चौघांच्या वाट्या दुसऱ्यांदा भरायला उठले. आईने तिची वाटी माझ्यापुढे धरली.

"फळं नको गं," ती म्हणाली. "तळाचा रस दे."